जोडीदार हरवलेला वाडगा : रू भट्टीच्या एका पात्राचं प्रकरण

तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्यूझियममध्ये कमळाच्या आकाराचा एक वाडगा आहे. उंची १०.४ सेंटीमीटर, तोंडाचा व्यास १६.२ सेंटीमीटर. काठाला दहा पाकळ्या आहेत आणि पाकळ्यांमधल्या रेघा अंगावरून खाली बैठकीकडे उतरतात, त्यामुळे अख्खं पात्र उमलू घातलेल्या कमळासारखं दिसतं. रंग फिकट आभाळी, त्यात हिरवट झाक. झिलईखाली बारीक भेगांची जाळी पसरलेली. उत्तर सोंग काळाच्या अखेरीस, म्हणजे अकराव्या शतकाचा शेवट ते बाराव्याची सुरुवात या दरम्यान, चीनच्या हनान प्रांतातल्या रू भट्टीत तो भाजला गेला.

संग्रहालयाच्या यादीत त्याची नोंद ‘मद्य ऊन ठेवण्याचा वाडगा’ अशी आहे. म्हणजे यात गरम पाणी ओतायचं आणि त्या पाण्यात मद्याची झारी उभी करायची. पण झारी कुठे आहे? ती नाही. या वाडग्याला जुळणारी रू भट्टीची झारी आज कुठल्याच संग्रहात नाही. जोडीतला एक हरवलेला असताना उरलेल्याचं काम इतक्या खात्रीने कसं सांगता येतं, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण रू भट्टीच्या वस्तूंबद्दल बोलताना लोक रंग, दुर्मिळता आणि किंमत यांवर थांबतात. जगात मिळून या भट्टीच्या अखंड वस्तू शंभराच्या आत आहेत, त्यांपैकी २१ तैपेईत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात कुंचले धुण्याचं एक लहानसं रू पात्र २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे त्या पात्राचा उपयोग काय होता, हे विचारायचंच राहून जातं. आणि हा वाडगा तर उपयोगासाठीच घडवलेला होता.

मद्य ऊन का करायचं

सोंग काळातलं मद्य म्हणजे भातापासून किंवा बाजरीसारख्या भरड धान्यापासून आंबवलेलं मद्य. चीनमधल्या शाओशिंग शहराच्या आजच्या पिवळ्या मद्याचे पूर्वज म्हणता येतील असे प्रकार. ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू चीनमध्ये सर्रास झाली ती नंतर. सोळाव्या शतकातला वैद्य ली शिचन आपल्या वनौषधिग्रंथात स्पष्ट लिहितो की ही जळती दारू प्राचीन नाही, ती सोंगांनंतरच्या युआन काळापासूनची. आंबवलेलं मद्य थंडीत गार प्यायलं तर चव दबलेली लागते. कोमट केलं की वास उघडतो, गोडी वर येते. शाओशिंगमध्ये आजही भांडं गरम पाण्यात ठेवून मद्य कोमट करतात.

थेट विस्तवावर ठेवलं तर मात्र घोटाळा होतो. अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना उकळतं, त्याच्या कितीतरी आधी वास उडायला लागतो, आणि चिनी मातीचं पातळ भांडं आचेवर तडकण्याची भीती असतेच. पाण्याचा शेक मऊ असतो आणि आपोआप थांबतो. ढोबळ हिशेब करून पाहा. झारीत १५ अंशांचं अर्धा लिटर मद्य, भोवती ९० अंशांचं अर्धा लिटर पाणी. दोन्ही एका तापमानाला आली तर पन्नासच्या आसपास येतील. भांड्यांनी खाल्लेली आणि हवेत गेलेली उष्णता वजा केली तर पंचेचाळीसच्या आगेमागे. पिण्याजोगं, वास न उडालेलं मद्य. पाणी निवलं की बदलायचं, बैठक संपेपर्यंत मद्य कोमट राहतं.

आता तैपेईच्या वाडग्याकडे या हिशेबाने बघा. बाहेरची मापं धरून आतली जागा साधारण एक लिटरच्या वर जाते. त्यात बारा-तेरा सेंटीमीटर पोटाची झारी उभी केली तर भोवती सुमारे अर्धा लिटर पाणी मावतं. हा अंदाज माझा आहे, पण मापं एकमेकांशी नीट बसतात. नुसत्या जेवणाच्या वाडग्याला एवढी खोली नको असते. रुंदीच्या मानाने इतके उभे काठ आमटी-भाजी वाढायला सोयीचे नाहीत; उभं भांडं आत घेऊन त्याच्या पोटापर्यंत पाणी चढवायला मात्र नेमके आहेत.

तरीही एकट्या आकारावरून निवाडा देऊ नये. खोल वाडग्यात फुलं ठेवता येतात, फळं ठेवता येतात, कमळाचा आकार देवघरातही शोभतो. नाव पक्कं करायला बाहेरचे साक्षीदार लागतात. सुदैवाने ते आहेत, आणि नेमके त्याच काळातले आहेत.

तीन साक्षी

पहिली साक्ष आन्हुई प्रांतातल्या सुसोंग तालुक्यातली. १९६३ साली तिथे उत्तर सोंग काळातली एक कबर सापडली. तिचं साल पक्कं आहे : युआनयू कारकिर्दीचं दुसरं वर्ष, म्हणजे १०८७. तिच्यातून झारी आणि वाडगा अशी अख्खी जोडी निघाली. ही जोडी रू भट्टीची नाही; ती पांढरट निळसर झिलईची, ज्या घराण्याची भांडी च्यांगशी प्रांतातल्या चिंगदेचनच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहेत. झारीच्या झाकणावर बसलेला सिंह आहे आणि झारी ज्यात उभी राहते तो वाडगा उमलत्या कमळाचा आहे. आज ती आन्हुईच्या संग्रहालयात आहे.

या जोडीसमोर थोडं थांबायला हवं, कारण झारी वाडग्यासाठीच घडवली आहे हे तिच्या अंगावर लिहिलेलं दिसतं. तोटी पोटाच्या मध्यातून निघत नाही; खांद्यापाशी उगवते आणि लांब, बारीक वळण घेत वर जाते. तशी नसती तर वाडग्याच्या काठाला अडली असती. मूठही काठाच्या वरच्या अंगाला बोटं जातील अशी उंच. झारी उचलताना हात गरम पाण्यात बुडत नाही. कुंभाराने दोन्ही भांडी एकत्र डोळ्यांसमोर ठेवूनच चाक फिरवलं होतं. कमळाचा खोल वाडगा हे १०८७ साली झारीचं ठरलेलं घर होतं, इतकं या एका कबरीवरून म्हणता येतं. रू भट्टीचा बहराचा काळ बरेच अभ्यासक याच सुमाराला सुरू झाला असं मानतात.

दुसरी साक्ष हनानमधलीच, रू भट्टीच्याच मुलखातली. यू तालुक्यातल्या बाइशा इथे धरणाच्या कामामुळे १९५१-५२ साली सोंग काळातल्या कबरी खणल्या गेल्या. पुरातत्त्वज्ञ सू बाइ यांनी त्यांचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध केला आणि चिनी पुरातत्त्वात तो आजही नमुना मानला जातो. पहिल्या क्रमांकाची कबर चाओ दावंग नावाच्या माणसाची, साल १०९९. तिच्या भिंतीवर विटांत उठवून रंगवलेलं दृश्य आहे : नवरा-बायको मेजाच्या दोन बाजूंना खुर्च्यांवर समोरासमोर बसलेले, मागे सेवक, आणि मेजावर वाडग्यात उभी केलेली झारी आणि दोघांपुढे बशीवर ठेवलेले दोन प्याले. चाओच्या नावामागे कुठलं सरकारी पद लिहिलेलं नाही. पैसेवाला पण साधा गृहस्थ. म्हणजे ही जोडी फक्त राजवाड्यातली चैन नव्हती. सुखवस्तू घरातल्या दोघांच्या बैठकीत ती अपेक्षितच होती. मेल्यावरही सोबत असावी इतकी.

तिसरी साक्ष कागदावरची, आणि ती दुसरीला अशी चिकटते की वाचताना मला दर वेळी आनंद होतो. मंग युआनलाओ नावाचा माणूस उत्तर सोंगांच्या राजधानीत, काइफंगमध्ये, वाढला. ११२७ साली उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या सैन्याने शहर घेतलं, दरबार दक्षिणेला पळाला. मंगने पुढे म्हातारपणी जुन्या शहराच्या आठवणी लिहिल्या. त्याची प्रस्तावना ११४७ ची आहे. तिथल्या मद्यगृहांबद्दल तो सांगतो की गिऱ्हाईक कोणीही असो, नुसते दोघं जरी समोरासमोर प्यायला बसले, तरी मेजावर झारी-वाडग्याची एक जोडी, बशीसकट प्याल्यांच्या दोन जोड्या, फळं आणि भाज्यांच्या पाच-पाच ताटल्या आणि तीन ते पाच वाडगे मांडावेच लागायचे. एवढ्यातच जवळजवळ शंभर ल्यांग (ल्यांग हे चिनी वजन) चांदी मेजावर यायची. चित्र स्पष्ट आहे. दोन माणसं, एक झारी-वाडगा, दोन प्याले. चाओ दावंगच्या भिंतीवर हेच मांडलेलं आहे, तेवढ्याच संख्येने. एक माणूस कबरीच्या भिंतीवर रंगवतोय, दुसरा अर्ध्या शतकाने गमावलेल्या शहराची आठवण काढतोय, आणि दोघांच्या मेजावर भांडी एकच.

मंगची भांडी चांदीची आहेत हे विसरू नये. पुढे त्याची गरज लागणार आहे.

जी साक्ष घेऊ नये

या विषयावर कुठेही लिहिलं गेलं की ‘हान शीत्साइची रात्रीची मेजवानी’ हे बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातलं प्रसिद्ध गुंडाळीचित्र दाखवलं जातं. त्यात मेजांवर पाकळ्यांच्या वाडग्यांत उभ्या केलेल्या झाऱ्या अगदी सुरेख दिसतात. चित्र दहाव्या शतकातल्या दक्षिण तांग राज्याच्या गू होंगचोंग या चित्रकाराच्या नावावर आहे. ते जसंच्या तसं खरं धरलं तर झारी-वाडग्याची ही ठरीव जोडी आणखी शे-दीडशे वर्षं मागे जाते.

पण हातात असलेली प्रत त्या चित्रकाराची नसून सोंग काळातली नक्कल आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि त्या मतामागच्या कारणांपैकी एक कारण म्हणजे चित्रातली हीच भांडी! ती सोंग काळातल्या भांड्यांसारखी आहेत म्हणून चित्र सोंग काळातलं. आता त्याच चित्रावरून भांड्यांचं वय ठरवायला गेलं तर आपण गोल फिरून जिथून निघालो तिथेच येऊ. भांडी मेजावर कशी मांडत हे दाखवायला चित्र उत्तम आहे. काळ ठरवायला मी ते घेणार नाही. जुन्या वस्तूंच्या लिखाणात ही चूक फार सहज होते, म्हणून एवढं लांबवलं.

झारीच्या आधी काय होतं याची नोंद मात्र तांग काळाच्या उत्तरार्धातल्या एका टिपणात मिळते : नवव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मद्य मोठ्या पात्रातून पळीने काढून वाढत, मग झाकण, तोटी आणि मूठ असलेली झारी आली. पळी आणि उघडं पात्र असताना पाण्याच्या वाडग्यात भांडं बुडवण्याचा प्रश्नच येत नव्हता. बंद झारी आल्यावरच हा वाडगा शक्य झाला.

आक्षेप

सगळ्यात वजनदार आक्षेप एका यादीचा आहे. ११५१ साली सेनापती चांग चुन याने दक्षिणेत स्थिरावलेल्या सम्राट काओत्सोंगला आपल्या घरी मेजवानी दिली आणि नजराणे पेश केले. चौ मी या लेखकाने ती यादी उतरवून ठेवली आहे. तिच्यात रू भट्टीच्या वस्तू वेगळ्या मोजल्या आहेत : मद्याच्या बाटल्यांची एक जोडी, धुण्याचं एक पात्र, धूपपात्र, सुगंधाची डबी, सुगंधाचा गोळा, चार प्याले, दोन कटोरे, धूप सोडणाऱ्या पात्रांची जोडी, एक मोठी आणि एक लहान डबी. एकूण सोळा. रू भट्टीच्या वस्तू सम्राटाला द्यायच्या लायकीच्या होत्या हे यातून कळतं. पण झारी नाही आणि मद्य ऊन ठेवण्याचा वाडगाही नाही. मग रू भट्टीत अशी जोडी होतच होती कशावरून?

माझं उत्तर असं की ही यादी भट्टी काय काय बनवायची त्याची नाही. काइफंग पडल्यावर चोवीस वर्षांनी एका माणसाच्या हाती जे उरलं होतं त्याची आहे. बाराव्या शतकाच्या शेवटाकडे चौ हुई हा लेखक लिहितो की रू भट्टीची भांडी राजवाड्यासाठी भाजली जात, झिलईत अकीक दगडाची पूड घालत, आणि राजवाड्याने निवडून नाकारलेलीच विकायला परवानगी होती. अलीकडे तर मिळणं फारच कठीण झालंय, असंही तो म्हणतो. अशा काळात सोळा वस्तू जमवणं हेच सामर्थ्य दाखवणं होतं. त्या यादीत नसलेली वस्तू नव्हतीच, असा निष्कर्ष तीमधून निघत नाही. उलट मद्याच्या बाटल्या आणि प्याले आहेत, म्हणजे रू भट्टी मद्याच्या मेजावर होती. बाटलीतून झारीत, झारीतून प्याल्यात, हा त्या मेजावरचा क्रम होता. मधलं भांडंच तेवढं दुसऱ्या भट्टीचं असेल हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप कोरियाकडून येतो, खरं तर तो मदतीलाच येतो. ११२३ साली शू चिंग हा सोंग दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर कोर्यो राज्यात, म्हणजे तेव्हाच्या कोरियात, गेला आणि परत येऊन सचित्र वृत्तांत लिहिला. तिथल्या हिरव्या झिलईच्या भांड्यांचं तो कौतुक करतो, खरबुजासारख्या पोटाच्या, कमळ आणि बसलेलं बदक असं झाकण असलेल्या मद्यपात्राचं वर्णन करतो, आणि पुढे म्हणतो की बाकीची भांडी साधारण चीनमधल्या यूए भट्टीच्या जुन्या आणि ‘रूच्या नव्या भट्टीच्या’ भांड्यांसारखी आहेत. म्हणजे दोन्हीकडचे आकार एकमेकांजवळ होते. कोर्योच्या कमळाच्या वाडग्यांवरून कोणी विचारेल की तैपेईचा आकार मूळचा कोरियन प्रथेतला तर नाही? पण १०८७ ची चिनी जोडी शू चिंगच्या प्रवासाच्या छत्तीस वर्षं आधीची आहे. आकार चीनमध्ये आधीच रुळलेला होता.

झिलईतल्या भेगांवरून एक बारका आक्षेप घेतला जातो, की अशा नाजूक पात्रात कोण गरम पाणी ओतेल. नुसत्या पाण्याने भेगांत डाग बसत नाहीत. चहा किंवा रस्सा असता तर बसले असते. पाणी हेच त्या झिलईला सगळ्यात निरुपद्रवी. एवढ्यावर तो मुद्दा सोडतो.

झारी कशाची होती

वाडगा मद्य ऊन ठेवण्याचा, हे मी मान्य करतो. पण हरवलेली झारी रू भट्टीचीच होती का? मंगच्या मद्यगृहात चांदीच्या जोड्या होत्या. राजवाड्यात चांदीला काय तोटा. चांदीची झारी आणि रूचा वाडगा अशी मिश्र जोडी का नसावी?

अखंड उरलेल्या जोड्या या कल्पनेला साथ देत नाहीत. सुसोंगच्या जोडीत दोन्ही भांडी एकाच मातीची, एकाच झिलईची. अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बाराव्या शतकातली कोर्योची प्रसिद्ध जोडी आहे, तिच्यात झारी आणि वाडगा दोन्ही चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले, झारीचं झाकण कमळाच्या थरांचं आणि त्यावर पक्षी. जोडी म्हणून घडवायचं तर रंग आणि नक्षी एकच, ही कारागिराची रीत दिसते. म्हणून झारीही आभाळी झिलईचीच होती असं माझं मत आहे, आणि ते मत म्हणूनच घ्यावं.

मग ती राहिली का नाही? याचं उत्तर बरंचसं भट्टीत आणि स्वयंपाकघरातच आहे. वाडगा एका तुकड्याचा. झारीला तोटी आणि मूठ वेगळी करून चिकटवावी लागते. वाळताना सांधा सुटतो, भाजताना तोटी वाकते. भट्टीतून नीट निघाली तरी रोजच्या हाताळणीत पहिला टवका तोटीच्या टोकाचा, दुसरा मुठीचा. तोटी फुटलेली झारी निकामी. तिचा वाडगा मात्र एकट्यानेही देखणा राहतो, शतकं उलटली की लोक त्यात फूल ठेवतात किंवा नुसता मांडून ठेवतात.

रू भट्टीची जागाच मुळात उशिरा कळली. बाओफंग तालुक्यातल्या चिंगलियांगस या गावाकडे १९८० च्या दशकात लक्ष गेलं, आणि २००० सालच्या उत्खननात दरबारी भांडी भाजण्याची मुख्य जागा मिळाली. तिथल्या खापऱ्यांनी एक गोष्ट पक्की केली : राजवाड्यांच्या संग्रहांत जेवढे आकार उरलेत, त्याहून कितीतरी जास्त आकार ही भट्टी बनवत होती. संग्रहात झारी नाही म्हणून भट्टीत झारी नव्हती, असं म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा विधुर वाडग्यांना कुठली तरी झारी आणून जोडून देतात, हेही इथे सांगायला हवं. अशी जोडी समोर आली तर नक्षीकडे नंतर बघावं. आधी झारी वाडग्यात ठेवून तोटीचा उगम काठाच्या वर येतो का, मूठ मोकळी राहते का, झारीची बैठक वाडग्याच्या तळाशी मध्यावर सरळ बसते का आणि भोवती पाण्याला जागा उरते का ते बघावं. ज्या झारीला वाडग्यात घातल्यावर पाण्यासाठी बोटभरही जागा राहत नाही, ती त्या वाडग्याची नव्हे, झिलई कितीही जुळो.

तैपेईच्या वाडग्यासाठी मला एक साधी गोष्ट व्हावीशी वाटते. काचेच्या कपाटात त्याच्यामागे झारीची नुसती रेघ काढावी, सुसोंगच्या जोडीच्या प्रमाणात : खांद्यापासून निघालेली तोटी, उंच मूठ, झाकण. शेजारी बाइशाच्या भिंतीवरच्या त्या दोघांचं छायाचित्र ठेवावं. बघणाऱ्याला पाकळ्यांच्या आतली जागा रिकामी का आहे ते वाचून नव्हे, बघूनच कळेल, आणि पाणी कुठपर्यंत यायचं तेही.